चुलीमागे एक वाटाणा

परब सरांना बसलेलं मी बावीस वर्षांत एकदाच पाहिलं, आणि तेव्हा त्यांच्या पायाला प्लास्टर होतं. एरवी हा माणूस उभा. कणकवलीच्या आमच्या कॉलेजात स्टाफरूममध्ये प्रत्येकाला एकेक खुर्ची होती. सरांच्या खुर्चीवर त्यांची छत्री, डबा आणि विद्यार्थ्यांच्या वह्या बसायच्या. सर खिडकीशी उभे राहून पेपर तपासायचे, चहा व्हरांड्यात फेऱ्या मारत प्यायचे आणि अर्धा कप कुठल्यातरी कठड्यावर विसरायचे. शिपाई दुपारी सगळे कठडे धुंडाळून त्यांचे कप गोळा करायचा. एकदा वैतागून मी म्हटलं, "सर, टेका हो जरा. तुमच्याकडे बघून मलाच धाप लागते." तर म्हणाले, "बाई, बसलेल्या माणसाक उठूचा जड जाता. म्हणान आधीच बसू नये." आणि चालू लागले.

मी गणिताची. राज्यशास्त्र म्हणजे माझ्या लेखी गप्पांचा विषय, आणि ते मी तोंडावर सांगायची. सरांना राग यायचा नाही, ऊत यायचा. त्यांचं वेड एकच: अडीच हजार वर्षांपूर्वीची ग्रीकांची गावं. पुस्तकात 'नगरराज्यं' लिहिलेलं असे, सर मात्र गावंच म्हणायचे. "आपल्या तालुक्याएवढा एकेक गाव, बाई. आणि प्रत्येक गावाचो कारभार येगळो. एका गावात राजा, शेजारच्या गावात धा श्रीमंत घरां, तिसऱ्या गावात सगळे. तेनी हजार गोष्टी करून बघितल्यानी. आमी एक धरून बसलव." अभ्यासक्रमात ह्याला होते दोन धडे. सर ते दिवाळीपर्यंत ओढायचे. पोरं धास्तावून विचारायची, "सर, पुढचा पोर्शन?" सर म्हणायचे, "पुढचां सगळां ह्येच्यातच आसा."

वर्गात ते सुरुवात शुद्ध मराठीत करायचे. दहा मिनिटांनी गाडी मालवणीवर घसरली, की बाहेरून जाणाऱ्यालाही कळायचं, आता अथेन्स आलं. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात खडू, त्यामुळे खिसा कायम पांढरा. वर्गात पाऊल टाकताच हजेरी नाही, नमस्कार नाही, पहिलं वाक्य ठरलेलं: "कोणाक बोलूचा आसा?" अथेन्समध्ये म्हणे सभा भरली की दवंडीवाला हेच विचारायचा, आणि मग चांभार असो की नावाडी, जो उठेल तो बोलायचा. आमच्या वर्गात कोणीही उठायचं नाही. सर एक मिनिट थांबायचे, घड्याळ बघून, पुरतं एक मिनिट. मग सुस्कारा टाकून शिकवायला लागायचे. असं तीस वर्षं, रोज. मला तर त्या पोरांचा राग यायचा. अरे मेल्यांनो, पंखा बंद आहे एवढं तरी बोला!

जगातल्या प्रत्येक गोष्टीला सर एकेका ग्रीक गावात नेऊन बसवत. कणकवलीची बाजारपेठ म्हणजे कॉरिंथ, कारण चार व्यापारी घरांनी डोकं हलवल्याशिवाय तिथे पान हलत नाही. एस्टीचा डेपो म्हणजे एकाधिकारशाही. स्वतःचं घर म्हणजे स्पार्टा. "स्पार्टात एकाच टायमाक दोन राजे होते. माझ्या घरात आवस आणि बायको. दोगांचा एकमत झाला तर लढाई, नाय तर शांतता." आणि कोणी कोणा पुढाऱ्याचं कौतुक करायला लागलं की बोट वर. "जुलमी माणूस पयल्या दिवशी लोकांचोच असता हां. लोकच तेका खांद्यार घेतत. मगे उतरवचो कसो तां कोणाक ठावक नसता."

नुसतं बोलून थांबले असते तर ठीक. पण ह्या गृहस्थांना सगळं करून बघायचं असे.

एका जूनमध्ये वर्गाचा मॉनिटर निवडायचा होता. सरांनी घरून मडकं आणलं. आत काळे वाटाणे, वर्गात जेवढी पोरं तेवढे, त्यात एक फक्त पांढरा. अथेन्समध्ये अधिकारी असेच निवडत, म्हणाले, फक्त तिथे घेवडा होता, आपल्याकडे उसळीचे वाटाणे आहेत. एकेकाने डोळे मिटून हात घालायचा, पांढरा येईल तो मॉनिटर. पांढरा आला तळेऱ्याहून एस्टीने येणाऱ्या एका मुलीच्या हातात, जिचा आवाज वर्षभरात कोणी ऐकला नव्हता. ती रडायलाच लागली. प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. "परब, कॉलेजात हा काय जुगार?" सर म्हणाले, "सर, निवडणुकीत उभा राहतो तोच निवडून येतो. ती मुलगी जन्मात उभी राहिली नसती." पहिल्याच आठवड्यात ती हजेरीपट एस्टीत विसरली. मला हसू आवरेना. म्हटलं, बघा तुमचं अथेन्स तळेऱ्याला गेलं. सर गंभीरपणे म्हणाले, "महिन्याचो राजा महिन्याभरच चुकता, बाई. जन्माचो राजा जन्मभर चुकता." पुढच्या महिन्यात पुन्हा मडकं आलं. घरी त्यांची बायको मात्र मला सांगायची, "गो बाय, ह्या माणसापायी माझ्या घरात उसळ होयना!"

दुसरं एक स्टाफ मीटिंगचं. आमचे प्राचार्य तसे सज्जन, पण बोलायला उभे राहिले की वेळेचं भान नाही. एकदा सर नारळाची करटी घेऊन आले, तिच्या बुडाला खिळ्याने भोक पाडलेलं. खिडकीच्या गजाला करटी टांगली, खाली बादली ठेवली, करटीत पाणी ओतलं. ग्रीकांच्या न्यायालयात पाण्याची धार संपेपर्यंतच बोलायला मिळायचं, गरीब असो वा श्रीमंत, धार तेवढीच. प्राचार्य 'शिस्त' या विषयावर रंगात आले होते, आणि कोपऱ्यातून आवाज आला, "पाणी संपला, सर." काय सांगू! सगळ्यांनी माना खाली घातल्या. प्राचार्य लाल झाले, बादलीकडे पाहिलं, करटीकडे पाहिलं, आणि खाली बसले. पुढच्या मीटिंगला मात्र त्यांनी स्वतःच विचारलं, "परब, मोठी करटी मिळेल का हो?"

तिसऱ्यात मी सापडले. सहल कुठे न्यायची, वालावलला की तारकर्लीला, ह्यावर वर्गात भांडण. सर म्हणाले, आज स्पार्टाच्या पद्धतीने घेऊ. स्पार्टात वडीलधाऱ्यांच्या मंडळावर माणूस निवडायचा तर पंचांना खोलीत बंद करत. बाहेर लोक एकेका उमेदवारासाठी आरडाओरडा करत, आणि कोण उमेदवार हे न बघता पंच सांगत, कुठला आवाज मोठा. मला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये कोंडलं. ॲसिडच्या वासात उभी राहून मी दोनदा ओरडणं ऐकलं आणि सांगितलं, दुसरा आवाज मोठा. दुसरी होती तारकर्ली, आणि ओरडणारी होती क्रिकेटच्या टीममधली सहा पोरं! वालावलला जायचं म्हणणारी तीस शांत पोरं तोंडात बोट घालून बघत राहिली. तारकर्लीच्या वाळूत सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून येरझाऱ्या घालत होते. "बाई, फसलात. कानांनी मोजलात."

"मग डोळ्यांनी मोजायचं होतं तर मला कोंडलंत कशाला?"

"स्पार्टा कसा असता तां तुमका कळाक होया म्हणान." असा माणूस.

पण त्या सहलीत मी त्यांना एक प्रश्न विचारला, आणि तो त्यांना चावला. सहज विचारलं होतं हो, भेळ खाता खाता. "सर, तुमच्या अथेन्समध्ये कोणीही उठून बोलू शकत होता ना? मग बायका कुठे बसायच्या?" सर चालता चालता थांबले. "घरी," म्हणाले.  परतीच्या एस्टीत एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच मला गाठून म्हणाले, "बाई, बायका नव्हत्या. गुलाम नव्हते. परगावातून येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, ते पण नव्हते. आणि हे मी पोरांना शेवटच्या पाच मिनिटांत सांगत आलो. घंटा वाजता वाजता." त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. पुढच्या वर्षी पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं, हे अथेन्स. मग डस्टर घेऊन अर्धं पुसलं, बायका. मग आणखी पुसलं, गुलाम. मग परगावचे. उरलेल्या चतकोर तुकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "आता ह्या एवढ्या जागेतली लोकशाही शिकू." मी दारातून पाहत होते. गप्पांचा विषय म्हणणं मी त्या दिवसापासून सोडलं.

सर निवृत्त झाले आणि गावी जाऊन राहिले. त्यांचं गाव मालवणच्या वरच्या अंगाला, खाडीकाठी. नाव लिहीत नाही. भावकी वाचणारी आहे.

मला वाटलं, आता हा माणूस निवांत होईल. कसलं काय! दर पंधरवड्याला काहीतरी निमित्त काढून कणकवलीत हजर. कॉलेजच्या व्हरांड्यात माझा तास संपायची वाट बघत फेऱ्या. एक दिवस मी हटकलंच. "सर, घरी पटत नाही का?"

"घरी पटता. गावात पटणा नाय. माझा माझ्याशी पटणा नाय."

मग सांगितलं. त्यांच्या गावात देवळात गाऱ्हाणं घालायचा मान परबांचा, म्हणजे त्यांचा. आमच्याकडच्या वाचकाला गाऱ्हाणं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. वर्षाच्या जत्रेला सगळं गाव देवासमोर जमतं, एक माणूस गावाच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो, बा देवा म्हाराजा, लेकरां जमली आसत, त्यांका सांभाळ, आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीचं गाव एका सुरात म्हणतं, व्हय म्हाराजा. नुसतं व्हय. बोलणारा एक, हो म्हणणारे सगळे. सरांचे वडील वारल्यापासून गेली पंचवीस वर्षं बोलणारे सर होते.

"तीस वर्षां मी पोरांका सांगतंय, कोणय उठान बोलू शकता," सर व्हरांड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. "आणि गावात? माझो आजो बोललो, बापूस बोललो, म्हणान मी बोलतंय. माझ्यात काय आसा? ह्या तर निव्वळ घराण्याचा राज्य. वर्गात अथेन्स आणि देवळात मी राजा. बाई, जत्रेच्या दिवशी तोंड उघडताना माका माझीच लाज वाटता."

मी म्हटलं, मग सोडा. कोणा दुसऱ्याला द्या. ते म्हणाले, दुसरा म्हणजे बापू, चुलतभाऊ. मान त्याच्याकडे जाईल, म्हणजे पुन्हा परबच. "माका परब नको, माका गाव होया." काय करायचं ते त्यांनी ठरवलेलंच होतं, फक्त कोणाला तरी ऐकवायचं होतं. मडकं. गावातल्या सगळ्या घरांचे वाटाणे मडक्यात घालायचे, पांढरा ज्याला येईल त्याने त्या वर्षीचं गाऱ्हाणं घालायचं. एकदा झालेल्याला सगळ्यांचं होईपर्यंत पुन्हा नाही.

बापू परब वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. बागायतदार, सरळ, मेहनती. मान आपल्याकडे येईल म्हणून त्याने गाऱ्हाण्याचा शब्दन्‌शब्द पाठ केला होता. तो सरांना एवढंच म्हणाला, "दादा, तू कंटाळलंस तर माका दी. वाटाण्याक कित्याक देतंस?"  दोन महिने दोघांत धुसफूस. शेवटी बापूच म्हणाला, देवाला विचारू. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावून कौल लावला. उजवी पडली तर बदल मान्य, डावी पडली तर दादाने पुन्हा विषय काढायचा नाही. उजवी पडली. सरांनी मला फोन केला, आवाज नुसता नाचत होता. "बाई, देव अथेन्सचो निघालो! आता तुमी येवक होया. वाटाणे मोजूक गावातलो माणूस नको, बाहेरची गणिताची बाई होयी."

म्हणून मी गेले. जत्रेच्या आदल्या सकाळी, पहिल्या एस्टीने.

देवळाच्या मंडपात गाव जमलेलं. सरांनी वहीच्या एका पानावर नियम लिहून आणले होते, ते वाचून दाखवले. पहिलाच नियम: चुलीमागे एक वाटाणो. त्या गावात सगळंच चुलीमागे चालतं. देवळाच्या श्रमदानाला चुलीमागे एक माणूस, जत्रेला चुलीमागे एक नारळ. चौसष्ट चुली. मी त्रेसष्ट काळे वाटाणे मोजले, एक पांढरा घातला, सगळ्यांसमोर मडकं हलवलं, त्याच्या तोंडावर फडकं टाकलं. घराघरातून एकेक जण येऊन हात घालू लागला. काळा आला की लोक हसत, येणारा हुश्श करी. बापूला काळा आला. सरांना काळा आला, त्यांचा चेहरा असा खुलला की जणू लॉटरी लागली.

खाडीच्या टोकाला राहणारी सुला काकी अर्धीअधिक घरं झाल्यावर आली. सत्तरीच्या आतबाहेर. नवरा कधीच वारलेला, लेक गोव्यात दिलेली, घरात ती एकटी. खाडीत उतरून कालवं काढायची आणि बाजारात विकायची. तिच्या घरचा नारळ तीच आणायची, श्रमदानाला तीच यायची, त्यामुळे तिने मडक्यात हात घातला तेव्हा कोणाच्या काही मनात आलं नाही. खरं सांगते, माझ्याही नाही. तिने मूठ उघडली. पांढरा.

कोणीतरी फिसकन हसलं. 

"परत काढा," बापू म्हणाला. "बायलमाणूस गाऱ्हाणां घालता काय खंय?"

सरांनी खांबापासून खांबापर्यंत चालायला सुरुवात केली. माझं लक्ष त्यांच्यावर. मला वाटलं आता हा माणूस अस्सा उसळेल! बापूने ते वहीचं पान उचललं. "दादा, ह्यां तूच लिवलंस. देवाच्या समोर सांग. 'चूल' लिवताना तू बापयो माणूस धरून लिवलंस की नाय?"

सर थांबले. गावाला माहीत होतं, हा माणूस खोटं बोलत नाही. मलाही माहीत होतं.

"धरूनच लिवलंय," सर म्हणाले. "बायलमाणूस माझ्या मनात नव्हता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने फळ्यावरचं अर्धं अथेन्स पुसून दाखवलं, तोच स्वतःच्या गावाची घटना लिहिताना बायका विसरला! पुसल्या नाहीत, विसरला. मडकं त्यांच्या डोक्यात घालावं असं वाटलं. आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं तर तेही स्वतःच्या डोक्यात तेच घालायला निघालेले.

"झाला तर मगे," बापूने खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं. अगदी समजुतीने म्हणाला, "एक शब्द घाल. 'चुलीमागे एक पुरुष.' आणि परत काढू. तुझी घटना, तूच दुरुस्त कर."

सरांनी पेन घेतलं. पान खांबाला टेकवलं. एका शब्दाची तर जागा होती. आता गाऱ्हाणं कोणाचं, हे त्या पेनावर होतं.  मी बोलू शकत नव्हते, मी वाटाणे मोजायला आलेली परकी बाई.  मग त्यांनी मान वळवून गावाकडे पाहिलं आणि विचारलं, वर्गात विचारायचे तसंच, "कोणाक बोलूचा आसा?"

 मला ते एक मिनिट माहीत होतं, वर्गात ते कायम रिकामंच जायचं.

"माका," सुला काकी म्हणाली.

मुठीत वाटाणा तसाच होता. "चाळीस वर्सां मी पाठी उभी रवान व्हय म्हणतंय. तेव्हा कोणी माका विचारूक नाय, तू बायल की बापयो. नारळ आणलंय तेव्हा माझी चूल चलली. झाडू मारलंय तेव्हा चलली. मगे आताच कशाक चलना नाय?" एवढं बोलून ती बापूकडे वळली. आवाज चढला नाही. "रे बापू, माका गाऱ्हाणां येता. तुका येता तसाच येता. मी काय हौशेन मागूक इलंय नाय. हात घातलंय, आणि इला."

सर पानाकडे बघत राहिले. मग पेनाचं टोपण लावलं आणि पेन बापूच्या खिशात परत खोचलं.

"लिवताना मी चुकलंय," ते म्हणाले. "पण चुकान जां लिवलंय, तां बरोबर आसा. मी तेका हात लावचंय नाय."

 बापू मडक्याकडे एकदा बघून पायऱ्या उतरून गेला, त्याच्या मागून अर्धी भावकी गेली. सख्ख्यासारखे वाढलेले दोघे. त्या दिवसापासून बापूने सरांशी बोलणं टाकलं, ते टाकलंच. सर पुढच्या चैत्रात गेले, तेव्हा बापूने खांदा दिला, असं मी ऐकलं. दोघंही माणसं चांगली, आणि काही केल्या जुळलं नाही, ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते दुसऱ्या दिवशी, जत्रेत. मुक्काम त्यांच्याच घरी केला होता. सकाळी देवळात गेलो तर भावकी आलेली होती, बापूही होता, पायऱ्यांजवळ हाताची घडी घालून. माणसं भरपूर. पण माणसं येणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं.

सुला काकी धुवट लुगडं नेसून देवासमोर उभी राहिली. जिथे पंचवीस वर्षं सर उभे राहत, तिथे. सर खाली, पुरुषांच्या गर्दीत, मधेच कुठेतरी. काकीने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत..."

पुढे शांतता. एकाही पुरुषाच्या तोंडून शब्द नाही. मागे बायका उभ्या होत्या, त्या पुरुषांकडे बघत होत्या. व्हय म्हणायला आधी पुरुषांनी सुरुवात करायची, अशी रीत. पुजारी खाली बघत होता. काकीने पुढचं वाक्य धरलं नाही, ती थांबून राहिली. होकार नसेल तर गाऱ्हाणं पुढे जात नाही, एकट्याने देवाशी बोलणं म्हणजे गाऱ्हाणं नव्हे.  काल पेन परत केलं त्याने काय साधलं? गावाने गप्प राहूनच निकाल दिला होता.

आणि मग गर्दीतून एक आवाज आला. फाटका, वेळ चुकलेला, भलत्याच पट्टीतला.

"व्हय म्हाराजा!"

सर होते. मला एकदम उमगलं, ह्या माणसाने पंचवीस वर्षांत हे दोन शब्द उच्चारलेलेच नाहीत. त्यांना तो सूर येतच नव्हता! कोणीतरी वळून बघितलं, सर मान ताठ करून उभे. काकीने दुसरं वाक्य घेतलं, "ह्यांच्या घरादाराचो, होड्यांचो, गोठ्यांचो सांभाळ कर..." पुन्हा तोच एकटा आवाज, पण ह्या खेपेला मागून एका बाईचा मिळाला, मग चारपाच, मग सगळ्या. तिसऱ्या वाक्याला पुरुषांतले काही. चौथ्याला मंडप दणाणला. बापूचे ओठ मात्र शेवटपर्यंत मिटलेले होते, मी पाहत होते. आणि मी, परगावची गणिताची बाई, कधी ओरडायला लागले ते माझं मलाच कळलं नाही.

गाऱ्हाणं संपलं. देवापुढे फोडलेल्या नारळाचे तुकडे वाटायला घेतले, लांब रांग लागली. माझी एस्टीची वेळ झाली होती, निरोप घ्यावा म्हणून सरांना शोधू लागले. नारळाचा पहिला तुकडा गाऱ्हाणं घालणाऱ्याचा, आणि त्या देवळात कैक वर्षं पहिला तुकडा घेतलेला हात परबांचाच. सुला काकीला तो तुकडा दिला गेला. तिने तो तोंडात घातला नाही. रांगेच्या कडेकडेने, लुगडं सावरत, लोकांना बाजूला सारत ती पार मागे गेली. बायका आणि पोरांच्याही मागे सर रांगेत उभे होते. तिने तुकडा त्यांच्यापुढे धरला.

"घे रे दिगू. तुझो आसा."

सरांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"काकी, तां तुझा आसा, तू खा," ते म्हणाले. "माझो नंबर येवंदे."